सोनं कुणी लुटलं?

नवरात्रातली आठवी माळ होती. आमच्या महिला मंडळानं त्या वर्षी ठरवलं होतं की दसऱ्याला आपट्याची पानं विकत घ्यायची नाहीत आणि जमलं तर इतरांनाही घेऊ द्यायची नाहीत. मोठ्या कार्डशीटवर मी स्वतः स्केचपेननं लिहिलं होतं, 'सोनं लुटू नका, झाडं वाचवा'. मराठी घेऊन बी.ए. झालेली असल्यामुळे मंडळातली घोषवाक्यं, आभारपत्रं आणि हळदीकुंकवाची निमंत्रणं लिहायचं काम कायम माझ्याकडेच असतं. तर तो कागद धरून आम्ही सहा-सातजणी बाजाराच्या तोंडाशी उभ्या राहिलो. सगळीकडे झेंडूचे ढीग, आंब्याचे टाळे, तोरणासाठी भाताच्या लोंब्या. आणि कडेला गोणपाटावर आपट्याच्या जुड्या मांडून बसलेल्या कातकरी बायका.

येणाऱ्या-जाणाऱ्याला आम्ही समजावून सांगत होतो. काहीजणी ऐकत होत्या, काही हसून पुढे जात होत्या. एक ओळखीच्या वहिनी दोन जुड्या घेणार होत्या, त्यांना मी हाताला धरून मागे वळवलं. तेवढ्यात गोणपाटावरची मावशी उठून उभी राहिली.

"बाय, तुला नको तं नको घेऊस. पन माजं गिऱ्हाईक कशाला परतवतेस?"

"मावशी, अशानं झाडं मरतात हो," मी म्हटलं.

"मी झाड मारलं?" तिनं जुडी माझ्यासमोर धरली. "ह्यो पाला हाय. पाला तोडला तं परत फुटतो. वरच्या माळावरचं आपटं मुळासकट कुनी काडलं, ते तुमी शिकलेली मान्सं शोदून काडा. दरसाल मी तितूनच आनायची. यंदा पाटंचं चार वाजता निगाले, पार पल्याडच्या डोंगराव गेले." मग जरा थांबून म्हणाली, "तू येवडा त्याचा कैवार घेतेस, तं त्याचं फूल बगितलंस का कदी?"

मी गप्प. माझ्या शेजारची मैत्रीण हळूच म्हणाली, "पिवळं असेल ना गं? सोनं म्हणतात त्याला."

मैत्रिणींनो, खरं सांगते, त्या दिवशी मला स्वतःचीच लाज वाटली. लहानपणी पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून तिच्यापुढे ठेवलं ते आपट्याचं पान. लग्न होऊन सासरी आले, पहिल्या दसऱ्याला सासूबाईंच्या हातावर ठेवून वाकून नमस्कार केला तेही आपट्याचंच पान. पंचेचाळीस वर्षं मी हे पान हातात घेत आले. शेवग्याचं फूल मला ठाऊक आहे, हादग्याच्या फुलांची भजी मी करते. पण आपट्याला फूल येतं का, कधी येतं, कोणत्या रंगाचं, याचा साधा विचारही कधी मनात आला नव्हता. आणि अशी मी 'झाडं वाचवा'चा कागद धरून उभी!

त्या रात्री घरी येऊन जुनी पुस्तकं काढली. कॉलेजात संस्कृत थोडंफार झालं होतं. आपट्याची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ असते. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स, चौदा विद्यांची चौदा कोटी सुवर्णमुद्रा गुरुदक्षिणा, विश्वजित यज्ञात सगळं दान करून बसलेला रघुराजा आणि मग कुबेरानं पाडलेला सोन्याचा पाऊस. आपल्या आजी-आईच्या तोंडची गोष्ट सांगते, की हा पाऊस आपट्याच्या झाडावर पडला. कालिदासाच्या 'रघुवंशा'त मात्र झाडाचं नाव नाही, तिथे सोनं राजाच्या कोषागारात पडतं. पण माझं लक्ष वेगळ्याच जागी अडकलं. राजा म्हणतो, सगळं घेऊन जा. कौत्स म्हणतो, गुरूंना द्यायचंय तेवढंच घेईन, जास्त एकही नको. ही गोष्ट लुटण्याची नाहीच मुळी! ही गरजेपुरतं घेण्याची गोष्ट आहे. 'लुटायचं' हे आपण नंतर त्याला चिकटवलं.

मंडळात हे सांगितलं तर सगळ्यांना पटलं. "म्हणजे आपलं बरोबरच होतं," असं अध्यक्षबाई म्हणाल्या. मी काही बोलले नाही. माझ्या डोक्यात मावशीचा प्रश्न होता. वरच्या माळावरचे आपटे कुणी काढले?

ही मावशी तशी आमच्या ओळखीची. आमच्या अलिबागकडच्या गावांत सगळ्यांच्या दारावर येते. पावसाच्या तोंडावर शेवळं आणते, सोबत काकडं द्यायला विसरत नाही, कारण काकडांशिवाय शेवळं घशाला खाजतात. मग टाकळा, कुर्डू, भारंगी, आणि आपट्यासारखीच दुभंगलेल्या पानांची कोरळाची भाजी. वैशाखात ती करवंदांची पाटी घेऊन आली. मोजून द्रोण भरता भरता म्हणाली, "फूल बगायचंय ना? चल, आत्ता हाय."

मी पदर खोचला आणि निघाले. नवरा म्हणाला, "या उन्हात?" पण गेले.

डोंगराच्या चढाला अर्धा तास गेला. करवंदीच्या जाळ्यांमधून ती पुढे, मी मागे धापा टाकत. मग एका उतारावर तिनं हात केला. आपटा म्हणजे काही वडा-पिंपळासारखं भव्य झाड नव्हे. वेडंवाकडं, बुटकं, फांद्या खाली झुकलेल्या. जिथे माणसांनी वर्षानुवर्षं तोडलंय तिथे तर बुंध्यातून पाच-सहा फुटवे आलेलं झुडूपच. खोडाची साल काळपट, खडबडीत. आणि त्या झुकलेल्या फांद्यांच्या टोकांना लांब तुरे. त्यांवर लहान लहान फुलं, पांढरी, किंचित पिवळसर झाक असलेली, पाच अरुंद पाकळ्यांची. सोनेरी नाही, भडक नाही. लांबून बघितलं तर फूल आहे हे कळणारही नाही. मधमाश्यांना मात्र बरोबर कळलं होतं, सगळं झाड गुणगुणत होतं.

मावशीनं मागच्या वर्षीची एक वाळकी शेंग काढून दिली. लांब, चपटी, काळपट, जराशी वाकडी. मला एकदम आपल्या पोपटीच्या मडक्यातल्या वालाच्या शेंगा आठवल्या. नंतर वाचलं तर खरंच, वाल, तूर, चिंच, शिकेकाई आणि आपटा हे सगळे एकाच शेंगांच्या कुळातले. शास्त्रज्ञांनी आपटा-कांचनाच्या गटाला 'बौहिनिया' नाव दिलं, ते बौहिन आडनावाच्या दोन वनस्पतीशास्त्रज्ञ भावांवरून. एका देठावर जोडलेले पानाचे दोन भाग म्हणजे जणू दोन भाऊ. मला ही कल्पना फार आवडली. आपल्याकडे तेच पान आपण भांडण विसरून एकमेकांच्या हातावर ठेवतो.

मावशीनं अजून बरंच सांगितलं. आपट्याच्या सालीचे बंध निघतात, मोळी बांधायला दुसरं काही लागत नाही. पानांच्या विड्या वळतात. आणि बाजारात शहरातून येतो तो पुष्कळदा आपटा नसतोच, कांचन असतो. "तुमाला काय, दोन फाट्यांचं पान दिसलं की झालं सोनं!" असं म्हणून ती खो खो हसली. मग तिनंच ओळखायला शिकवलं. आपट्याचं पान लहान, जाड, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, आणि पालथं करून बोट फिरवलं तर फिकट, लव असलेलं. कांचनाचं पान मोठं, लांबट, पातळ. दसऱ्याच्या सुमारास जांभळ्या-गुलाबी फुलांनी डवरलेलं दिसतं ते झाड आपटा नव्हे. म्हणजे कांचनानं काय पाप केलंय, पण त्याला ओरबाडून आपट्याचं पुण्य कसं मिळणार?

उतरताना तिनं वेगळी वाट धरली. वळणावर एक लांबलचक भिंत लागली. जांभ्या दगडाची, वर तारा, मोठं काळं फाटक. आत हिरवीगार लॉन, रांगेत लावलेले शोभेचे पाम आणि निळा पोहण्याचा तलाव. कुणी राहात नव्हतं, शनिवार-रविवारी गाड्या येतात म्हणे.

"हितंच व्हते आपटे," मावशी म्हणाली. "पंद्रा-सोळा तरी व्हते. एका दिसात जेसीबीनं साफ केलं."

मी भिंतीकडे बघत उभी राहिले. ती जागा मला ओळखू यायला इतका वेळ लागला, कारण आता वाटच बदललीय. ती आमचीच वरकस होती.

मैत्रिणींनो, हे लिहावं की नाही असा विचार मी बरेच दिवस केला. सात-आठ वर्षांपूर्वी आम्ही तो सव्वा एकराचा तुकडा विकला. सातबारावर नाव नवऱ्याचं आणि दिराचं. मला कुणी विचारलं नाही, हे खरं आहे. पण मी तरी कुठे विचारलं? 'त्या माळरानावर काय पिकतंय,' असं सगळेच म्हणत होते, मीही म्हणत होते. त्या पैशातून मुलाची इंजिनीअरिंगची फी भरली गेली, नणंदेचा हिस्सा दिला, आणि माझ्या स्वयंपाकघरात ग्रॅनाइटचा ओटा आला. ज्या ओट्यावर उभी राहून मी दसऱ्याचं श्रीखंड फेटते, तो ओटा त्या पंधरा-सोळा आपट्यांच्या जागेवरून आलेला आहे. आणि मी बाजारात जाऊन 10 रुपयांची जुडी विकणाऱ्या बाईचं गिऱ्हाईक परतवत होते.

आपल्या सासऱ्यांच्या पिढीनं वरकस कशी सांभाळली ते आठवून बघा. भाताच्या रोपासाठी राब भाजायचा, त्याला लागणारा टहाळ वरकसातल्या झाडांवरून तोडायचे. दरवर्षी तोडायचे. तरीही झाडं राहिली, कारण बुंधा कुणी उपटला नाही. आपट्याचा तर स्वभावच असा आहे की तोडलं की परत फुटतो. फांदी तोडणारा कोयता वेगळा आणि मुळासकट उपटणारा जेसीबी वेगळा. आपल्या 'झाडं वाचवा' मोहिमांमध्ये हा फरकच आपण करत नाही. कोयता डोळ्यांना दिसतो, तो गरिबाच्या हातात असतो, त्याला बोलणं सोपं असतं. जेसीबी आपल्याच सहीनं येतो.

आता हे वाढतच जाणार. जानेवारी 2024 मध्ये शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू सुरू झाला आणि मुंबई अजून जवळ आली. मुलांना नोकऱ्या मिळतील, आजारी माणूस मोठ्या दवाखान्यात लवकर पोचेल, हे चांगलंच आहे. त्याला विरोध करावा असं मी म्हणत नाही. जमीन विकूच नका असंही मी कुठल्या तोंडानं सांगू? पण आमच्या पट्ट्यात रविवारी वरकस बघायला येणाऱ्या गाड्या मला आता जास्त दिसतात, आणि विकल्या जाणाऱ्या जमिनीवर काय उभं आहे हे बघायला घरातलं कुणीच जात नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात आपल्याकडच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या तेव्हा आपण ढसाढसा रडलो, कारण त्यांचं उत्पन्न होतं, त्यांची मोजणी होती, पंचनामा होता. माळावरच्या आपट्याचा पंचनामा कोण करणार? त्याचा हिशेब ठेवणारी एकच बाई होती, ती गोणपाटावर बसलेली.

आणि त्या बाईच्या हक्काबद्दल आपल्या जिल्ह्यानं तर कधी विसरूच नये. आपल्या उरण तालुक्यातल्या चिरनेरला 25 सप्टेंबर 1930 रोजी जंगल सत्याग्रह झाला. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जायचा. इंग्रजांच्या जंगल कायद्यानं लोकांचा रानावरचा हक्क काढून घेतला होता, म्हणून माणसं अक्कादेवीच्या माळावर जमली. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. हुतात्म्यांमध्ये नाग्या महादू कातकरी होता. मुलांना आपण ही गोष्ट 15 ऑगस्टला भाषणात सांगतो. पुढे 2006 च्या वनहक्क कायद्यानं जंगलातली गौण उपज गोळा करून विकण्याचा आदिवासींचा हक्क कागदावर आला. पण तो जंगलात. भिंत घातलेल्या वरकसात नाही. तिथे पिढ्यानपिढ्या चालत आलेली वाट एका फाटकानं बंद होते, आणि त्याबद्दल कुणी मोर्चा काढत नाही.

याचा अर्थ दसऱ्याला वाटेल तशा फांद्या ओरबाडाव्यात असा नाही. आमच्या मंडळाचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. दसऱ्याला आपट्यावर त्या वर्षीच्या शेंगा कोवळ्या असतात. अख्खी फांदी मोडली की त्या शेंगांचं बी पिकायच्या आतच जातं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी केर काढताना आपणच टोपली भरून पानं कचऱ्यात टाकतो. घरात चार माणसं असली तरी चार जुड्या आणायच्या, ओळख-पाळख नसलेल्याच्या हातात मूठभर कोंबायचं, याला काय अर्थ आहे? कौत्सानं दाखवलेला हिशेब इथे लागू करायला हवा. एका माणसाला एक पान. नमस्काराला तेवढं पुरतं.

म्हणून गेल्या वर्षी मी मंडळात वेगळा ठराव मांडला. सुरुवातीला कुरबुर झाली. "तू तर उलटीच झालीस गं," असं एकजण म्हणाली. दुसरी म्हणाली, "त्यांना काय, आज आपटा विकतील उद्या दुसरं काही." मी माझ्या ओट्याची गोष्ट सांगितली. बोलताना आवाज कापत होता. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग एक वयस्कर काकू म्हणाल्या, "आमची पण वरकस गेली हो. तिथे आईन होते." मग एकेकीचं निघायला लागलं.

आम्ही ठरवलं ते अगदी साधं आहे. दसऱ्याला पानं घ्यायची, कातकरी बायकांकडूनच घ्यायची, पण फांद्या नकोत, सुटी पानं द्या असं त्यांना आधीच सांगायचं. पैसे मात्र जुडीचेच द्यायचे. मावशीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं हाय की, वजा कमी झाला."

दुसरं, बी. आपट्याच्या शेंगा थंडीच्या दिवसांत पिकून वाळतात. मावशीकडून त्या विकत घेतल्या. बियांचं कवच टणक असतं, म्हणून उकळून जरा निववलेल्या पाण्यात घालून रात्रभर भिजवल्या. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना खाली भोकं पाडून माती-शेणखत भरलं आणि मृगाच्या आधी लावल्या. सगळ्याच काही उगवल्या नाहीत. पण ज्या उगवल्या त्यांना दोन फाट्यांचं पहिलं पान आलं तेव्हा आमच्या बचत गटातल्या बायका फोटो काढायला आल्या होत्या! शाळेच्या कुंपणाला, स्मशानाच्या वाटेला, ज्यांची वरकस अजून शाबूत आहे त्यांच्या बांधाला ही रोपं गेली. गुलमोहर मादागास्करचा, सुबाभूळ मेक्सिकोकडची, आपण दोन्ही हौसेनं लावल्या. आपल्या मातीतल्या आपट्यासाठी खड्डा खणायला काय हरकत आहे?

तिसरं जरा अवघड आहे. घरात जमीन विकायची बोलणी सुरू झाली, की चहा ठेवायला आत निघून जायचं नाही. तिथे बसायचं. निदान एक प्रश्न विचारायचा, 'त्या जागेवर कोणती झाडं आहेत, आणि तिथून कोण काय घेऊन जातं?' घेणाऱ्याला सांगायचं, कडेची झाडं ठेवा, वाट ठेवा. सगळे ऐकतील असं नाही. पण आमच्याच एका मैत्रिणीच्या घरी या प्रश्नामुळे कुंपण चार हात आत आलं आणि बाहेर तीन आपटे राहिले. तीन म्हणजे फार नाहीत, ठाऊक आहे मला.

कोकण रेल्वेनं किंवा रोह्याच्या गाडीनं जाताना पनवेलच्या पुढे आपटा नावाचं स्टेशन लागतं. पूर्वी ते नाव आलं की मी मुलांना गमतीनं म्हणायचे, "बघा, सोन्याचं गाव आलं." आता खिडकीतून मी बाहेर झाड शोधते. वैशाखात कधी त्या बाजूनं गेलात तर तुम्हीही बघा, कुठे वाकड्या फांदीच्या टोकाला पांढरा तुरा दिसतो का.

यंदा वैशाखात मी पुन्हा मावशीबरोबर डोंगरावर गेले होते. येताना तिनं विचारलं, "ती भिंत कुनाच्या जमिनीव हाय, कळलं का मंग तुला?"

मी सांगितलं, "आमच्याच होत्या त्या जमिनी, मावशी."

ती काही वेळ चालत राहिली. मग म्हणाली, "मला ठावं व्हतं." आणि माझ्या हातातली पिशवी आपल्या डोक्यावर घेतली, कारण पुढे उतार निसरडा होता.